रुमाल सुटतात, वाचणारे कमी पडतात

31 डिसेंबर 1926 रोजी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच महिन्यात धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. या मंडळाच्या वाट्याला मानाबरोबर कामाचा डोंगरही आला. 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे एकूण 22 झाले, पण गावोगावच्या वाड्यांतून आणि माळ्यांवरून जमवलेले सगळेच कागद त्या खंडांत मावणारे नव्हते. नकला करायच्या, तारखा लावायच्या, ताडून पाहायचे असे पुष्कळ काम मागे उरले. असे कागद पडून राहिले की आपण दोष पैशाला, वाळवीला, नाहीतर लोकांच्या अनास्थेला देतो. ही कारणे खोटी नाहीत, पण मूळ कारण दुसरे आहे. कागद जमवणारा एकटा पुरतो. ते तपासणारे मात्र घडवावे लागतात, आणि तेच काम आपण नेहमी उद्यावर टाकत आलो.

अशा जुन्या कागदांच्या मोडी लिपीतला एक कागद वाचायचा म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. लिहिणाऱ्याने आधी आडव्या रेघा ओढल्या, मग त्यांखाली लेखणी फारशी न उचलता मजकूर ओढत नेला. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘छ’ काढून पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना. वर्ष पुष्कळ पत्रांत नसतेच. असलेच तर अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, सुहूर सन 1161. पानिपतची लढाई याच सालातली. ‘इहिदे’च्या जागी ‘इसन्ने’ (दोन) वाचले, तर जानेवारी 1761 चे पत्र जानेवारी 1762 मध्ये जाऊन पडते आणि रणात पडलेला सरदार वर्षभराने हुकूम सोडताना दिसतो. म्हणून एकाने लावलेले वाचन दुसऱ्याने तपासावे लागते, आणि त्या दुसऱ्याला लिपीबरोबर त्या काळची माणसेही ओळखीची असावी लागतात. तसा माणूस तयार व्हायला वर्षे जातात.

संगणकाच्या जगात हाच पेच ‘पॅच’ या नावाने येतो. मुक्त प्रणालीत कुणीही कोडमध्ये बदल सुचवू शकतो. तो स्वीकारण्याआधी जाणत्याने वाचायचा असतो. 2002 च्या सुरुवातीला लिनक्स या मुक्त प्रणालीवर हीच पाळी आली. जगभरातून पॅच येत, अखेरचा निवाडा लायनस टॉरवाल्ड्स यांचा. कित्येक पॅच उत्तराविना हरवत आणि पाठवणारे तेच पुन्हा पुन्हा पाठवत. मग बदलांची नोंद ठेवणारे बिटकीपर वापरात आले, 2005 मध्ये टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच गिट लिहिले. या साधनांचे श्रेय मोठे आहे. तरी तुंबारा हलला तो एकेका विभागाची जबाबदारी घेतलेल्या मेंटेनरांमुळेही. त्यांनी चाळलेलेच पुढे जाऊ लागले. राजवाड्यांना अशी फळी हवी होती हे 1910 मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले त्यावरून दिसते. पण पुढे त्या मंडळाशी त्यांचे पटले नाही आणि बरेचसे ओझे पुन्हा एकट्याच्या खांद्यावर आले. इतक्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे लिहिताना वाईट वाटते.

यावर कुणी म्हणेल, सगळे कागद स्कॅन करून खुले करा, चुका लोक काढतील. खुले जरूर करावे. पण स्कॅनने ढीग कपाटातून डिस्कवर जातो, एवढेच. मोडी न येणाऱ्या हजार जणांना दाखवलेला कागद न वाचलेलाच राहतो. आणि न तपासलेले वाचन एकदा छापले गेले की ते पुढच्या पुस्तकांत उतरत जाते, त्याला मागे बोलावता येत नाही. राजवाड्यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली. मूळ पोथी पुढे अभ्यासकांना ताडून पाहायला मिळाली नाही आणि वाद राहून गेला. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सगळेच वाचायला हवे कशाला? निवडावे. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दफ्तराच्या हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून, निवड करून 1930 च्या दशकात 45 भाग काढले, ते काम थोर आहे. पण निवडणारा आधी चाळतो, म्हणजे तोही वाचणाराच; आणि हिशेबाचे, जमिनीचे कागद राजकारणाच्या पत्रांपुढे मागे पडतात. खानदेशातल्या एखाद्या गावाची हकीकत नेमकी त्याच कागदांत असते. निवड करावी, मात्र काय बाजूला ठेवले आणि का, हे रुमालावर चिठ्ठी लावून नोंदवावे. पॅच नाकारतानाही कारण कळवावे. उत्तरच न मिळाल्याने माणूस परततो तो पुन्हा येत नाही.

मोडी शिकण्याची सोय आज अनेक गावांत आहे, वर्ग काही महिन्यांचा असतो. तो पुरा केलेल्यांनी प्रमाणपत्र घरी ठेवून थांबू नये. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा जवळच्या दप्तरात जाऊन एक रुमाल मागून घ्यावा, आणि आपले वाचन जाणत्याकडून तपासून घेतल्यावर दुसऱ्याचे तपासायला बसावे.