सकळ लिपीची किल्ली

१/ कळव्याहून लोकलने निघालो की पुढचेच स्थानक ठाणे. तेथील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक. क्वांटम संगणक आपली गुपिते फोडील काय, हा आजचा प्रश्न. तो समजून घेण्यास भाव्यांच्या काळात उलगडलेली एक लिपी उपयोगी पडते.

२/ तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने मराठीला तिचे आद्य गद्य दिले. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवले. त्यांतली प्रमुख सकळ लिपी. तिचे श्रेय परंपरा रवळोव्यासांना देते. युक्ती साधी आहे: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर.

३/ अशी अदलाबदल फोडण्याची रीत अल्-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती: कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. म्हणजे सकळ लिपी गणिताच्या बळावर टिकलीच नाही. पोथी आणि किल्ली दोन्ही पंथाच्या आत राहिल्या म्हणून ती टिकली; आणि पंथ तर पार पंजाब-पेशावरपर्यंत पसरलेला! मला या शिस्तीचे आश्चर्य वाटते.

४/ विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी तिची किल्ली प्रसिद्ध केली. त्यासरशी केवळ पुढचे नव्हे, त्या लिपीत शतकानुशतके लिहिलेले सारेच बाहेरच्यांना वाचता येऊ लागले. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या नंतरच्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मय आले, मराठी साहित्याचा आरंभकाळ नव्याने लिहावा लागला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी त्याचा लाभार्थी आहे. मात्र त्या लेखनिकांना कोणी विचारले नव्हते.

५/ आता आजचे कुलूप. १९७७ ची आरएसए पद्धत दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार सोपा, त्याचे अवयव पाडणे जवळपास अशक्य. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते काम झपाट्याने करील, हे पीटर शोरने १९९४ मध्ये दाखवले. असे यंत्र आज नाही. पण सांकेतिक मजकूर आज साठवून ठेवता येतो आणि यंत्र आल्यावर उघडता येतो.

६/ बँकेचा ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो. त्याची चिंता नको. एखाद्याचा आजार, खबऱ्याचे नाव, राजनैतिक पत्रव्यवहार ही गुपिते मात्र पन्नास वर्षांनीही घातक ठरतात.

७/ अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला तोंड देणारी पहिली तीन मानके जाहीर केली. भारताने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. सिग्नलने त्याच वर्षी आपली किल्ली-देवघेव बदलली. त्याआधीच्या संदेशांच्या प्रती कोणी जपून ठेवल्या असतील, तर त्यांच्यावर मात्र जुनेच कुलूप आहे.