नकाशावरचे डोंगर आणि तोंडातली नावे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत '४८ आय' या क्रमांकाचा एक चौकोन आहे. उत्तर अक्षांश १५ ते १६ आणि पूर्व रेखांश ७४ ते ७५ यांमधला हा मुलूख. बेळगाव, खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि घाटाखालचा गोव्याच्या सत्तरीचा पूर्वभाग त्यात येतो. इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० या जुन्या प्रमाणाने त्याची सोळा पत्रके होतात.

अशा पत्रकावर तपकिरी समोच्च रेषा डोंगराचा चढउतार दाखवतात. बारमाही पाणी निळे, तर पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळे असतात. कणकुंबीच्या परिसरात या रेषा नीट पाहा. इथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळच्याच उतारावरचे पाणी म्हादईतून पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा नकाशावरची राज्याची सीमा बदलली. पाणलोटाची रेषा मात्र होती तिथेच राहिली.

जुना नकाशा हाती आला की सीमाभागातले आपण त्यात पुरावा शोधू लागतो. पण मोजणीदाराने डोंगराची उंची मोजली, देऊळ आणि विहीर नोंदवली. घरात कोणती भाषा बोलतात, हे त्या कागदावर नसते. भाषेचा माग लागतो तो नावांत, आणि तीच तिथे सर्वांत कच्ची आहेत. गावकऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाव साध्या रोमन अक्षरांत उतरले की 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न', 'ट' आणि 'त' यांतला भेद जातो. माळ की माल, हे कागद सांगत नाही. त्या स्पेलिंगवरून नाव पुन्हा नागरीत किंवा कन्नडात लिहिले, की चूक पक्की होते. शेताचे, पाणवठ्याचे, चढणीचे नाव तर बहुधा इंचाच्या नकाशात मावतही नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या गावाचे पत्रक मिळवा आणि गुरे राखलेल्या, रानात फिरलेल्या वडीलधाऱ्यांसमोर ते उलगडा. प्रत्येक टेकडीचे, ओढ्याचे नाव त्यांच्या उच्चाराप्रमाणे नागरीत लिहून घ्या. शेजारचा कानडी किंवा कोंकणी माणूस त्याच टेकडीला दुसरे नाव देत असेल, तर तेही शेजारीच लिहा. डोंगराची उंची उद्याही मोजता येईल. नावे सांगणारी माणसे आज आहेत, तोवरच ती विचारता येतील.