डॅशबोर्ड हिरवा असताना

मंडळी, प्रोजेक्ट मस्त चाललंय आणि तरी मॅनेजर बदलला, असं कधी पाहिलंत?

एनबीएच्या २०१५-१६ मोसमात क्लीव्हलँड कॅव्हलियर्सने हेच केलं. ४१ पैकी ३० सामने जिंकलेले, पूर्व विभागात पहिला नंबर. तरी २२ जानेवारी २०१६ ला प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट यांना नारळ! सरव्यवस्थापक डेव्हिड ग्रिफिन यांचं म्हणणं, जिंकूनही संघ एकजीव वाटत नाही.

सहाय्यक टायरन लू आले. उरलेल्या ४१ पैकी जिंकले २७, म्हणजे उलट तीन कमीच. पण अंतिम फेरीत ७३ विजयांचा विक्रम करून आलेल्या वॉरियर्सविरुद्ध १-३ असे मागे पडूनही त्यांनी ४-३ ने विजेतेपद खेचून आणलं.

ब्लॅटवर अन्याय झाला? थोडा झालाच. पण आमच्या टीममधले चौघं एकाच महिन्यात सोडून गेले, तेव्हा आमचाही डॅशबोर्ड हिरवागार होता. असो.