नॅनोपदार्थलेपित विद्युत् अग्रे

सोने किंवा काचसदृश कार्बन यांच्या विद्युत् अग्रांवर सुवर्ण नॅनोकण, कार्बन नॅनोनलिका, ग्रॅफीन अशा पदार्थांचा थर देऊन ही अग्रे तयार करतात. प्रथिनांतील इलेक्ट्रॉन-स्थानांतरणाचा अभ्यास व जैवसंवेदकांची निर्मिती हे त्यांचे प्रमुख उपयोग होत.

एंझाइम विद्युत् अग्राशी जोडण्याची कल्पना लीलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली. मात्र ग्लुकोज संवेदकांत वापरल्या जाणाऱ्या ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमातील एफएडी हा क्रियाशील घटक प्रथिनात खोलवर असतो. अंतराबरोबर स्थानांतरणाचा वेग झपाट्याने घटत असल्याने साध्या अग्रापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचत नाहीत. इटामार विल्नर यांच्या गटाने २००३ मध्ये १.४ नॅनोमीटर व्यासाच्या सुवर्णकणाला एफएडी जोडून त्याभोवती एंझाइमाची पुनर्रचना केली. तेव्हा सेकंदाला सुमारे ५,००० इलेक्ट्रॉन अग्राकडे गेले. नैसर्गिक स्थितीत ऑक्सिजनकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे ७०० आहे.

अभ्यासासाठी मुख्यतः चक्रीय व्होल्टामिती वापरतात. तीत अग्राचे वर्चस् पुढे-मागे बदलत विद्युत् प्रवाह मोजतात. आलेखातील शिखरांवरून, उदा., सायटोक्रोम-सीमधील लोहाच्या ऑक्सिडीभवन व क्षपणाचे वर्चस् आणि वेग कळतो. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या बाबतीत मात्र एंझाइमातून सुटून थरावर चिकटलेल्या एफएडीमुळेही शिखर उमटते. म्हणून ऑक्सिजनविरहित द्रावणात ग्लुकोज मिसळल्यावर प्रवाह वाढतो की नाही, हे तपासणे अत्यावश्यक ठरते.

ग्लुकोज संवेदकांखेरीज अग्रांवर प्रतिपिंडे किंवा डीएनए बसवून रोगदर्शक प्रथिने व रोगजंतू ओळखणारे संवेदकही बनवतात. रक्तातील इतर प्रथिने अग्रावर साचणे, एंझाइमाची क्रियाशीलता ओसरणे व प्रत्येक अग्राचा थर एकसारखा न बसणे या प्रमुख अडचणी आहेत.