दगडीवरचा उतारा

गाईची कास सुजून दगडासारखी होते, म्हणून आपला शेतकरी या रोगास 'दगडी' म्हणतो. १९३९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रेने ड्युबॉस यांनी मातीतील एका जंतूपासून ग्रॅमिसिडिन मिळविले. रक्तात टोचल्यास ते तांबड्या पेशीच फोडी. परंतु सडाच्या छिद्रातून कासेत सोडता येई. रक्ताला न मानवलेले औषध कासेला मानवले! पुढे पेनिसिलिनने त्याची जागा घेतली, आणि निराळाच प्रश्न उभा राहिला. औषध दुधात उतरे. त्याने विरजणाचे जंतू मरत. दही लागेना, चीज बनेना. बिघडलेले दही निदान दिसते. पेनिसिलिन न सोसणाऱ्या मुलाच्या पेल्यातला अंश दिसत नाही. म्हणून उपचारानंतर ठरावीक काळ त्या गाईचे दूध विकू नये, असे निर्बंध आले. एकच गाय असलेल्या गवळ्याला तो काळ फार लांब वाटतो, हेही खरेच.