बोरघाटात चाक चढले तेव्हा

महाराष्ट्रातल्या दळणवळणाचा इतिहास आपण आगगाडीपासून मोजतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि नवे युग सुरू झाले, असे शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे लिहिलेले असते. कोकण आणि देश यांच्यापुरते तरी मला हे पटत नाही. इथल्या मालाच्या आणि माणसांच्या प्रवासाला कलाटणी मिळाली ती तेवीस वर्षे आधी, १० नोव्हेंबर १८३० ला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तेव्हा. आगगाडीने पुढे जे साधले ते या रस्त्याच्या आधाराने साधले.

घाटवाटा काही नव्या नव्हत्या. नाणेघाटातले सातवाहनांचे लेख त्यांचे वय सांगतात. पण त्या वाटा पायांच्या आणि खुरांच्या होत्या. कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई ते मुख्यतः पाठाळ बैलांवर. लमाणांचे तांडेच्या तांडे या कामाला जुंपलेले असत. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलोच्या आसपास ओझे, ते दर मुक्कामाला उतरवायचे आणि पहाटे पुन्हा लादायचे. देशावर गाड्या होत्या, पण अवजड. चाके अखंड लाकडाची, कुठे कुठे चक्क दगडाची, आणि ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या. लांबच्या पल्ल्याला त्या निरुपयोगी. १८३६ च्या सुमारास महसुली पाहणीतल्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूरकडे टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि एका जोडीला सहज ओढता येईल अशी हलकी गाडी त्या मुलखात रुळू लागली. चांगल्या रस्त्यावर तशी एक गाडी पाच-सहा पाठाळ बैलांचे ओझे दोन बैलांत नेते. मोठा बदल म्हणतो तो हा. तो वाफेवर झाला नाही. दगडमातीचा रस्ता आणि सुताराचे काम यांवर झाला.

यावर एक आक्षेप असा की बोरघाट त्याआधीच, १८०४ च्या सुमारास, इंग्रज सेनापती वेलस्लीने तोफांसाठी दुरुस्त करून घेतला होता. खरे आहे. पण फौजेची तोफ मनुष्यबळ आणि हुकूम यांच्या जोरावर कुठूनही चढते. भाड्याची गाडी चढायला चढ बेताचा लागतो आणि रस्ता वर्षानुवर्षे राखावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाठाळ बैल वाटेवरच्या गवतावर जगे, त्याला रस्त्याचा खर्च नव्हता, मग गाडी स्वस्त कशी? पाऊस चांगला असेल तेव्हा ती फारशी स्वस्त नव्हतीही. पण दुष्काळात, म्हणजे धान्य हलवण्याची निकड सर्वांत मोठी असते नेमके तेव्हा, वाटेवरचे गवत वाळून जाई आणि तांडाच अडकून पडे. गाडीवानाला निदान कडबा बरोबर घेता येई. या बदलाची किंमत लमाणांनी मोजली, आणि ती इतिहासात फार कमी नोंदली गेली याची मला खंत वाटते. पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा व्यापार आधी गाडीने पोखरला. आगगाडी आली तेव्हा तो मोडकळीला आलेलाच होता.

आता आगगाडीकडे. रूळ १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचले, १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट १८६३ पर्यंत तयार नव्हता. पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ, हे काम प्रचंड होते आणि त्यात मजुरांचे अतोनात बळी गेले. तोवर पाच वर्षे ही दोन टोके कशाने जोडली होती? माल्कमच्या रस्त्याने. प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी धरत. पुण्याच्या बाजूला धावणारी इंजिनेसुद्धा रुळांवरून वर नेणे शक्य नव्हते. तीही रस्त्यानेच चढवावी लागली.

लांब पल्ल्याचा माल आगगाडीने बैलगाडीकडून हिरावून घेतला, हे मान्यच. मुंबई-पुणे वाहतुकीत गाडीवान तिच्यापुढे टिकला नाही. मात्र प्रत्येक नवे स्टेशन म्हणजे आसपासच्या गावांतून तिथवर माल आणण्याचे नवे काम, आणि ते बैलगाडीचेच होते. मुख्य मार्ग कुर्डुवाडीला १८५९ मध्ये पोचला. तिथून बार्शीला जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू व्हायला १८९७ उजाडले. मधली अडतीस वर्षे बार्शीच्या पेठेतला कापूस स्टेशनावर पोचवला तो गाडीवानांनी, आणि रूळ बार्शीला आले तेव्हा लातूरकडच्या वाटांवर अजून गाड्याच होत्या.