शिवेपर्यंतचा माग

घरफोडी झालेल्या घरी जागल्या पोहोचला की आधी गर्दी हटवायचा. भिंतीला पडलेल्या भगदाडाकडे सगळेच बघत असायचे, त्याची नजर मात्र जमिनीवर. अनोळखी असं एक स्वच्छ पाऊल सापडलं की त्यावर टोपली पालथी घालायची. मग काडीने टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी मोजायची, काडीवर खूण करायची, ती जपून ठेवायची आणि पावलामागे निघायचं. पागी म्हणा, खोजी म्हणा, जागल्या म्हणा, माग काढणाऱ्यांची ही पद्धत हिंदुस्थानात ठिकठिकाणी थोड्याफार फरकाने सारखीच होती. धाराशिवच्या मुलखात त्यांची परीक्षा जमीनच घ्यायची. काळ्या रानात पाऊस झाल्यावर पाऊल खोल उमटतं, पण बालाघाटाच्या मुरमाड उतारावर ते बघता बघता हरवतं. तिथे दबलेलं गवत, जागचा हललेला दगड आणि ओढ्याकाठचा चिखल वाचता यावा लागतो.

ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्याने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्यावर मोठा बारकाईचा मजकूर आहे. रात्री जागणं, गावात कोण आलं नि कोण गेलं हे ठाऊक असणं, परक्या माणसावर नजर ठेवणं, संशय आला तर पाटलाच्या कानावर घालणं ही त्याची कामं. गावातल्या प्रत्येकाची चालचलणूकही त्याला माहीत असली पाहिजे. हे त्याला कसं जमतं, याचं एल्फिन्स्टनने दिलेलं उत्तर फार मार्मिक आहे. एक तर लहानपणापासून लागलेली चौकसपणाची सवय. दुसरं म्हणजे त्याची मिळकत. त्याचं बलुतं घरोघरच्या धान्यातून थोडंथोडं येणार. ते किती आणि कुणाकडून येणं आहे याची खबर ठेवायची तर रोज दारोदार फिरावंच लागे. सुगीत कुणाच्या खळ्यावर किती रास पडली, कुणाच्या घरी अचानक पाहुणे वाढले, कोण दोन दिवस दिसला नाही, हे त्याला पोटासाठीच कळत राही. पाळत ठेवण्याचं याहून पक्कं प्रशिक्षण सुचणं अवघड आहे. पोर बापाबरोबर गस्तीला निघालं की त्याचं शिक्षण सुरू झालं. महार, मांग, रामोशी, भिल्ल, कोळी अशा जातींकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या वतनाने चालत आलं होतं. गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं आणि वेशीच्या आतल्या प्रत्येक घराची राखण त्यांच्याच हाती दिली.

या व्यवस्थेतला खरा कस शिवेवर लागायचा. जागल्याने माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेला आणि तिथल्या जागल्याची खात्री पटवली की त्याची जबाबदारी संपली. पुढे तो दुसरा निघायचा. माग शेवटी ज्या गावात स्पष्टपणे पोहोचला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. म्हणजे माग काढणाऱ्याला नुसतं दिसून भागत नव्हतं, जे दिसलं ते विरुद्ध बाजूच्या आणि तितक्याच जाणत्या माणसाला पटवून द्यावं लागे. खोटं पाऊल दाखवलं तर ते ओळखणारा समोरच उभा असायचा.

हेर म्हटलं की मराठी माणसाच्या मनात बहिरजी नाईक उभा राहतो. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रकरणात बहिरजी जासुदाचं नाव येतंच. पण राजाच्या हेराची आणि गावच्या जागल्याची तऱ्हा वेगळी. हेर राजाला बांधील, जागल्या गावाला. चुकला तर गावासमोर चुकायचा.

पेशवाईनंतर इथल्या एका शिवेचं रूप पालटलं. बार्शी आणि सोलापूर इंग्रजी अमलात गेलं, तर परंडा, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग ही ठाणी निजामाकडेच राहिली. इकडच्या भाषेत ती मोगलाई. पाऊल त्या हद्दीपर्यंत यायचं खरं, पण पलीकडचं सरकार निराळं, कचेरी निराळी आणि कागदही निराळे.

या मोगलाईत १८२४ साली जेमतेम सोळा वर्षांचा एक इंग्रज मुलगा निजामाच्या नोकरीत शिरला. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. काही वर्षांतच त्याच्याकडे पोलिसांचं काम आलं. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की बदली झाली नसती तर वाटसरूंना लुटून मारणाऱ्या ठगांचा उलगडा, ती मोहीम चालवणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याच्या आधी, त्याच्याच हातून झाला असता. पुढे हैदराबादेत माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या घेण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं आणि त्या जबान्यांमधूनच १८३९ साली त्याची ठगावरची गाजलेली कादंबरी निघाली.

ठगांच्या टोळीत पाळतीचं कामही वाटून दिलेलं होतं. सराईत किंवा बाजारात प्रवाशाशी ओळख काढून त्याला बोलतं करणारा आणि टोळीकडे वळवणारा तो सोथा. मग चार-चार दिवस सोबत चालायचं, त्याच्या थैलीचा आणि सोबत्यांचा अंदाज घ्यायचा. या लोकांना धरण्यासाठी स्लीमनने त्यांच्याच विद्येचा उपयोग केला. माफी मिळालेले ठग शिपायांबरोबर फिरत, जुने सोबती ओळखून देत आणि पुरलेल्या प्रेतांच्या जागा दाखवत. ठगांची सांकेतिक बोली शिकता यावी म्हणून स्लीमनने १८३६ मध्ये तिचा कोशच छापला. हिंदुस्थानातल्या सरकारी गुप्त तपासाचं हे पहिलं मोठं शिक्षण. याच कामासाठी असलेल्या ठगी-डकैती खात्याची जागा १९०४ साली केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खात्याने घेतली. फाशीच्या भीतीने बोलणाऱ्याचं बोलणं किती खरं धरायचं, हा प्रश्न मात्र इतिहासकार आजही विचारतात आणि तो रास्तच आहे. शिवेवरच्या जागल्यासमोर दुसरा जागल्या असायचा. माफीच्या साक्षीदारासमोर होता तो फक्त फास.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून हाच टेलर आला. सोलापूर-हैदराबादची वाट नळदुर्गवरूनच जाते. बोरी नदी किल्ल्यात अडवून तिच्यावर पाणीमहाल बांधला आहे, तो हाच किल्ला. टेलरने इथे जमिनीची मोजणी सुरू केली. तुळजापूरच्या लोकांत तो इतका मिसळला की १८६३ च्या त्याच्या ‘तारा’ कादंबरीची नायिका तुळजापूरच्या पुजाऱ्याची लेक आहे. नळदुर्गचा मुलूख १८६० साली निजामाकडे परत गेला. पण मोजणीचा नकाशा आणि नोंदवही आली की गावाची माहिती जागल्याच्या डोक्यातून सरकारच्या दप्तरात जायला लागते, आणि तसंच होत गेलं.

या बदलाचा सर्वांत कडवट भाग पुढचा आहे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढच्या दुरुस्त्यांनी त्याचा पसारा देशभर वाढला. ज्या समाजांना रान, वाट आणि पाऊल वाचता येत होतं, त्यांतल्या कितींना तरी जन्मानेच चोर ठरवलं गेलं. हजेरी, पास, झडती. माग काढणाऱ्यांचाच माग सुरू झाला. सोलापुरात तर अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती, तिला आजही लोक सेटलमेंट म्हणतात.

हे या मातीतल्याच माणसाने सांगितलं आहे. लक्ष्मण गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे आणि १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचाच भाग होता. त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आजोबांना द्यावी लागणारी हजेरी, रात्रीअपरात्री झोपडीवर येणारे पोलीस आणि न केलेल्या चोरीसाठी खाल्लेला मार, हे पाळतीखालचं जिणं त्या पुस्तकात आतून लिहिलं गेलं. पाळतीचा इतिहास सहसा पाळत ठेवणाऱ्यांच्या दप्तरातून वाचला जातो, म्हणून या पुस्तकाचं मोल फार. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. संशय मात्र तिथेच संपला नाही.

मधल्या काळात सोलापूर आणि मोगलाई यांच्यातल्या त्याच जुन्या हद्दीला आणखी एक काम लागलं. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी निजामाचं राज्य भारतात विलीन होऊ नये म्हणून लढणाऱ्या रझाकारांचा पुढारी झाला, तेव्हा सोलापूर-बार्शीच्या बाजूला काँग्रेसची शिबिरं उभी राहिली आणि तिथले कार्यकर्ते रात्री शीव ओलांडून ठाण्यांची, नाक्यांची खबर काढू लागले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून शिरली आणि पहिल्या धडकेतच तिने नळदुर्गजवळचा बोरीवरचा पूल शाबूत हाती घेतला.

आज गावात पोलीस पाटील आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावच्या शांततेला धोका असलेली खबर वर कळवणं हे त्याचं कर्तव्य ठरवलं आहे. पाळतीचा खासगी धंदा मात्र शहरांत वाढला. लग्नाआधीची चौकशी, कंपनीतली चोरी, विम्याचे दावे ही त्याची रोजची कामं. मुंबईच्या रजनी पंडित यांचं नाव महाराष्ट्रात या धंद्याशी जोडलं गेलं आहे. एका खुनाच्या तपासासाठी संशयित बाईच्या घरी त्यांनी सहा महिने मोलकरीण म्हणून काम केलं, ही त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकिगत प्रसिद्ध आहे. पुन्हा तेच, रोज घरात वावरायचं आणि बघत राहायचं. फरक एवढाच की जागल्याला सगळं गाव ओळखायचं. इथे घरमालकिणीला आपल्या घरात कोण आहे हेच ठाऊक नसतं, आणि खबर जाते ती पैसे देणाऱ्या एका माणसाकडे.

म्हणूनच या धंद्याच्या शिक्षणाचा प्रश्न साधा नाही. सोसायटीच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या खासगी सुरक्षारक्षकासाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या २००६ च्या आदर्श नियमांत १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत, असं स्पष्ट लिहिलं आहे. लोकांच्या मागावर राहणाऱ्या खासगी गुप्तहेराला असं काहीच लागू नाही. तो शिकतो ते एखाद्या जुन्या हाताबरोबर: इमारतीसमोर तासन्‌तास थांबणं, माणूस नजरेआड होऊ न देता अंतर राखणं, वेळेची नोंद ठेवणं. कुठे थांबायचं हे त्याला कोण शिकवणार? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा या प्रश्नाचं वजन आणखी वाढलं. खासगी गुप्तहेर संस्थांना परवान्याखाली आणणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं होतं. त्याचा कायदा कधी झालाच नाही.